ऑनलाइन मुलाखत: बेंगळुरूचा फेरा वाचला, पण नेट, आवाज आणि खोलीची जबाबदारी उमेदवारावर

हुबळी: नोकरीच्या मुलाखतीसाठी रात्रीची गाडी पकडून बेंगळुरू किंवा पुणे गाठायचे, स्टेशनवरच तोंड धुऊन इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि संध्याकाळी परतीची गाडी धरायची, हा हुबळी-धारवाडच्या पदवीधरांचा जुना शिरस्ता. मार्च २०२० च्या लॉकडाऊनने तो मोडला. आता खासगी कंपन्यांची पहिली, अनेकदा दुसरीही फेरी घरातल्या खुर्चीवरून होते. तिकीट, लॉज आणि दिवसभराची रजा वाचली, हा मोठाच फायदा.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. शांत खोली, टेबल-खुर्ची, वीज, नीट ऐकू येणारा आवाज ही सोय पूर्वी कंपनी करत असे. आता ती सगळी उमेदवाराच्या खात्यात आली आहे. त्यात काही कमी पडले तर समोरचा माणूस नेटला नव्हे, नकळत उमेदवारालाच कमी गुण देतो. हा केवळ नापास झालेल्यांचा समज नाही, गेल्या काही वर्षांतील संशोधनही तेच सांगते. त्यामुळे मुलाखतीची तयारी म्हणजे फक्त प्रश्नोत्तरांची तयारी, हे समीकरण आता पुरेसे नाही.

जोडशहरांना हा प्रश्न जास्त का लागू?

हुबळी-धारवाडमध्ये शिकणाऱ्यांची कमतरता नाही. १९४७ मध्ये सुरू झालेले आणि आता केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ झालेले बीव्हीबी कॉलेज, धारवाडचे एसडीएम अभियांत्रिकी महाविद्यालय, कर्नाटक विद्यापीठ, आयआयटी आणि ट्रिपल आयटी अशा संस्था एकाच पट्ट्यात आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी मुलेही इथे शिकायला येतात.

नोकरी देणाऱ्यांचे निर्णय मात्र बहुतेक वेळा बेंगळुरू, पुणे, हैदराबाद किंवा मुंबईत होतात. हुबळीत विमानतळासमोर इन्फोसिसचे केंद्र ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाले. इथे बदली घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना कंपनीने आठ लाख रुपयांपर्यंत प्रोत्साहन रक्कम देऊ केल्याच्या बातम्या २०२४ मध्ये देशभर आल्या. म्हणजे काम आपल्या गावात असू शकते. पण मुलाखत घेणारा आपल्याच गावात बसलेला असेल, याची खात्री नाही. हुबळीपासून बेंगळुरू आणि पुणे, दोन्ही शहरे चारशे किलोमीटरहून दूर आहेत. पहिल्या चाळणीसाठी तेवढा प्रवास वाचणे ही लहान गोष्ट नव्हे.

सरकारी नोकरीची गोष्ट वेगळी. धारवाडच्या सप्तापूर भागात स्पर्धा परीक्षांचे क्लास करणाऱ्या मुलांना हे ठाऊक असते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंद केल्या. नागरी सेवेची मुलाखत मात्र अजूनही दिल्लीला जाऊनच द्यावी लागते. त्यामुळे ऑनलाइन मुलाखतीचा विषय मुख्यतः खासगी क्षेत्राचा: आयटी, बँकिंग आणि विमा कंपन्यांची खासगी भरती, विक्री, कस्टमर सपोर्ट, अकाउंट्स वगैरे.

मुलाखत एक नाही, तीन प्रकारची

'ऑनलाइन मुलाखत आहे' एवढाच निरोप आला, तर आधी प्रकार विचारून घ्यावा. तिन्हींची तयारी वेगवेगळी लागते.

पहिला प्रकार समोरासमोरचा. झूम, टीम्स किंवा गुगल मीटवर एक किंवा जास्त माणसे बसतात आणि प्रश्न विचारतात. यात चूक सावरता येते. आवाज गेला तर 'पुन्हा सांगा' म्हणता येते.

दुसरा प्रकार रेकॉर्डिंगचा. समोर कोणीच नसते. स्क्रीनवर प्रश्न उमटतो, विचार करायला थोडा वेळ मिळतो, मग कॅमेरा सुरू होतो आणि ठरावीक वेळात उत्तर संपवावे लागते. ते नंतर कोणीतरी पाहते. उमेदवारांना सर्वांत विचित्र वाटतो तो हाच प्रकार. आपण बोलतोय, पण समोर मान डोलावणारे कोणी नाही. आपले उत्तर भलतीकडे चालले आहे की बरोबर, याचा अंदाज येत नाही. अशा वेळी माणूस एक तर घाईने संपवतो, नाही तर तेच तेच बोलत राहतो. घरी मोबाइलवर टायमर लावून दहा-बारा उत्तरे रेकॉर्ड केली आणि स्वतः पाहिली, की ही सवय बरीच सुटते.

तिसरा प्रकार यंत्राचा. प्रश्नही संगणक विचारतो आणि उत्तराचे शब्दांत रूपांतर करून पहिली वर्गवारीही तोच करतो. इथे उच्चार आणि वाक्याची बांधणी यांना महत्त्व येते. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये पाच मोठ्या कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात या यंत्रणांनी सरासरी शंभरात १९ शब्द चुकवले, तर कृष्णवर्णीय वक्त्यांच्या बोलण्यात ३५. भाषा एकच, इंग्रजी. फरक बोलण्याच्या धाटणीचा. हे आकडे तिकडचे आहेत, पण मुद्दा इकडेही लागू पडतो. यंत्रासमोर लहान वाक्ये, सावकाश वेग आणि महत्त्वाचा शब्द स्पष्ट उच्चारणे हे उपयोगी पडते.

आवाज खराब, म्हणजे माणूस कच्चा?

बहुतेक उमेदवार कपडे आणि कॅमेऱ्याची काळजी घेतात. आवाजाकडे कोणी पाहत नाही. खरे नुकसान तिथेच होते.

येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एकाच मजकुराचे रेकॉर्डिंग ऐकवले. काहींना स्वच्छ आवाजात, काहींना स्वस्त मायक्रोफोनसारख्या पत्र्यासारख्या आवाजात. शब्द तेच आणि बोलणारा तोच. तरी पत्र्यासारखा आवाज ऐकणाऱ्यांना तो उमेदवार नोकरीसाठी कमी योग्य, कमी हुशार आणि कमी विश्वासार्ह वाटला. शब्द पूर्ण समजत असूनही असे झाले. यातली मेख अशी, की कॉलवर आपल्याला दुसऱ्याचा आवाज ऐकू येतो, स्वतःचा नाही. त्यामुळे आपला आवाज पलीकडे कसा पोहोचतोय, हे उमेदवाराला कळतच नाही.

उपाय महागडा नाही. लॅपटॉपच्या माइकपेक्षा साधा वायरचा इअरफोन बहुधा चांगला, कारण माइक तोंडाजवळ येतो आणि खोलीचा घुमणारा आवाज कमी होतो. ब्लूटूथचा इअरफोन गाणी ऐकताना छान वाटतो. पण त्याचा माइक सुरू झाला की अनेक इअरफोन वेगळ्या, हलक्या दर्जाच्या पद्धतीवर जातात, कारण एकाच जोडणीतून आवाज दोन्हीकडे न्यायचा असतो. तेव्हाच आवाज बारीक, डब्यातून आल्यासारखा होतो. म्हणून आदल्या दिवशी त्याच ॲपवर, त्याच जागेवरून, त्याच इअरफोनने मित्राला कॉल करावा आणि त्याच्याकडून रेकॉर्डिंग मागून ऐकावे. पाच मिनिटांचे काम आहे.

एका सेकंदाचा उशीर आणि डोक्यातले भाषांतर

दुसरी अडचण उशिराची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका बाजूने दुसरीकडे जाण्यास १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला, तर बोलणे सहज चालते. त्यापलीकडे दोघे एकदम बोलू लागतात, मग दोघेही थांबतात आणि पुन्हा एकदम सुरू होतात. जर्मनीतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की कॉलमध्ये १.२ सेकंदांपर्यंतचा उशीर घातला तर लोक दोष तांत्रिक बिघाडाला देत नाहीत. पलीकडचा माणूसच कमी लक्ष देणारा आणि कमी मनमिळाऊ आहे, असे त्यांना वाटते. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात २०२५ च्या अखेरीस आलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. चित्र क्षणभर गोठणे किंवा अडखळणे यामुळे, माहिती पूर्ण पोहोचली तरी, समोरच्याचे मत बिघडते. हा परिणाम नोकरीच्या मुलाखतींतही आढळला.

आता यात सीमाभागाची गोष्ट मिसळा. हुबळी-धारवाडच्या मराठी घरातला मुलगा घरात मराठी बोलतो, रस्त्यावर आणि दुकानात कन्नड बोलतो, मित्रांत हिंदी येते आणि मुलाखत इंग्रजीत असते. दहावीपर्यंत मराठी किंवा कन्नड माध्यमात शिकलेल्याला प्रश्न ऐकून उत्तर मनात जुळवायला एक-दोन सेकंद लागतात. समोरासमोर बसल्यावर तो विचार करतोय हे चेहऱ्यावरून दिसते. स्क्रीनवर त्या दोन सेकंदांत नेटचा एक सेकंद मिळतो आणि 'याला येत नाही' किंवा 'हा कुठेतरी पाहून वाचतोय' असा समज होऊ शकतो. तीन भाषा बोलणारा माणूस एका भाषेच्या परीक्षेत मंद ठरतो, तो असा.

यावर साधा तोडगा आहे. प्रश्न संपला की गप्प न बसता 'चांगला प्रश्न आहे, क्षणभर विचार करतो' एवढे इंग्रजीत म्हणून टाकावे. किंवा प्रश्नच आपल्या शब्दांत परत सांगावा. शांतता तुटते, वेळ मिळतो आणि आवाज पोहोचतोय हेही कळते. समोरचा बोलणे थांबला असे वाटले, तरी मनात एक आकडा मोजून मग सुरुवात करावी. उमेदवार कर्नाटकातील किंवा महाराष्ट्रातील कंपनीच्या स्थानिक कामासाठी मुलाखत देत असेल, तर कन्नड आणि मराठी दोन्ही येते हे आपणहून सांगावे. विक्री, बँकिंग, ग्राहक सेवा यांत ती जमेची बाजू आहे. अर्जात ती एका ओळीत राहून जाते.

डेटा, लाइट आणि दीड जीबीचा हिशेब

झूमच्या माहितीनुसार दोघांच्या एचडी दर्जाच्या व्हिडिओ कॉलला जाता-येता प्रत्येकी सुमारे १.२ एमबीपीएस वेग लागतो. आकडेमोड केली तर तासाला साधारण एक जीबीहून थोडा जास्त डेटा जातो. अनेकांच्या मोबाइल प्लॅनमध्ये दिवसाला दीड किंवा दोन जीबी मिळतात. सकाळपासून रील पाहण्यात अर्धा संपला असेल, तर मुलाखत मध्यावर असताना मर्यादा संपते. त्यानंतर बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. लागणाऱ्या वेगाचा हा जेमतेम एकोणिसावा भाग. चेहरा गोठतो आणि उमेदवाराला वाटते की कंपनीनेच कॉल कापला.

म्हणून मुलाखतीच्या दिवशी सकाळी डेटा जपून ठेवावा किंवा आधीच टॉप-अप मारून ठेवावा. घरात ब्रॉडबँड असेल तर राउटरच्या खोलीतच बसावे. लाइट गेली की राउटरही जातो, हे लक्षात ठेवून मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवावा. तोही शक्यतो दुसऱ्या कंपनीच्या सिमवरचा. धारवाड आणि बेळगावसह सात जिल्ह्यांना वीज पुरवणारी हेस्कॉम दुरुस्तीसाठीच्या वीजकपातीची सूचना आधी देते. ती आदल्या दिवशी पाहून घ्यावी. त्या वेळेतच मुलाखत येत असेल, तर वेळ बदलून मागण्यात काही कमीपणा नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एचआरचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवावा. नेट तुटले तर पहिल्या दोन मिनिटांत फोन किंवा मेसेज करावा, 'लाइन गेली आहे, परत जोडतोय' असे कळवावे. पुन्हा जोडले की लांबलचक माफी न मागता थांबलेल्या वाक्यापासून सुरू करावे. व्हिडिओ फारच अडकत असेल तर 'व्हिडिओ बंद करून फक्त आवाजावर बोलू का' असे विचारावे. आवाजाला व्हिडिओच्या मानाने फारच थोडा डेटा लागतो.

मागची भिंतही बोलते

दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहत असतील तर शांत कोपरा आणायचा कुठून? आतून कुकरची शिट्टी, बाहेर भाजीवाल्याचा भोंगा, शेजारी कोणाच्या तरी घरचा टीव्ही. मुलींच्या बाबतीत अडचण आणखी एक. मुलाखत घरात आहे म्हणजे ती घरातच आहे, असे धरून मध्येच हाक मारली जाते. बेंगळुरूला गेलेल्या मुलीला कोणी चहा टाकायला सांगत नव्हते.

खोलीचा परिणाम गुणांवर होतो का? ब्रिटनमधील डरहॅम विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात मागे झाडे किंवा पुस्तकांचे कपाट असलेली माणसे लोकांना अधिक विश्वासार्ह आणि सक्षम वाटली. घराची बैठक दिसणारी किंवा गमतीची पार्श्वभूमी असलेली माणसे कमी. यंत्रही यातून सुटलेले नाही. जर्मनीतील बव्हेरियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेतील पत्रकारांनी २०२१ मध्ये मुलाखतीचे एक सॉफ्टवेअर तपासले. तीच व्यक्ती, तेच उत्तर, पण चष्मा घातला किंवा मागे पुस्तकांचे कपाट आणले, की सॉफ्टवेअरने काढलेले स्वभावाचे गुण बदलत होते.

याचा अर्थ घरात कपाट विकत आणावे असा नाही. मोकळी, स्वच्छ भिंत पुरते. उजेड समोरून यावा, पाठीमागे खिडकी नको, नाही तर चेहरा काळा दिसतो. लॅपटॉप चार पुस्तकांवर ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणावा आणि बोलताना स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे नव्हे, कॅमेऱ्याकडे पाहावे. मोबाइलवरून मुलाखत द्यायची असेल तर तो हातात धरू नये, कशाला तरी टेकवून आडवा ठेवावा. घरच्यांना आदल्या रात्री वेळ सांगून दाराला कडी लावावी.

घरात शक्यच नसेल तर कॉलेजचा प्लेसमेंट विभाग, ओळखीच्या सीएचे ऑफिस, मित्राची रूम असे पर्याय आधीच पाहून ठेवावेत. कॉलेजमधून बाहेर पडून दोन-तीन वर्षे झालेल्यांना प्लेसमेंटच्या खोल्यांचा आधार नसतो. खरे तर अशांसाठी वाचनालये, समाजमंडळे आणि शिक्षणसंस्था यांनी तासाभरासाठी एक शांत खोली, चांगले नेट आणि इन्व्हर्टर एवढी सोय केली, तर मोठे काम होईल. सभागृह बांधण्यापेक्षा खर्च कितीतरी कमी आहे.

प्रामाणिक उमेदवारावरही संशय

गेल्या दोन वर्षांत मुलाखतीचा सूर बदलला आहे. 'खोली फिरवून दाखवा', 'दोन्ही हात दिसू द्या', 'पूर्ण स्क्रीन शेअर करा', काही ठिकाणी तर 'डोळे मिटून उत्तर द्या' असे सांगितले जाते. अनेकांना हा अपमान वाटतो. पण त्यामागे कारण आहे.

अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२२ मध्येच इशारा दिला होता, की घरून करायच्या नोकऱ्यांच्या मुलाखतींत दुसऱ्याचा चेहरा आणि चोरलेली ओळख वापरली जात आहे. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने मुलाखत घेणाऱ्याला न दिसता स्क्रीनवर उत्तरे पुरवणारे एआयचे साधन बनवले आणि ते जगभर गाजले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, मुलाखतीला स्वतःऐवजी दुसऱ्याला बसवून बेंगळुरूच्या एका मोठ्या आयटी कंपनीत नोकरी मिळवल्याच्या आरोपावरून एका अभियंत्याविरुद्ध तक्रार झाली. कामावर आल्यावर त्याचे बोलणे मुलाखतीतल्या माणसाशी जुळेना, म्हणून संशय आला. गार्टनर या संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत तीन हजार उमेदवारांपैकी ६ टक्क्यांनी मुलाखतीत तोतयेगिरी केल्याचे कबूल केले. स्वतः दुसऱ्याच्या नावे बसणे किंवा दुसऱ्याला आपल्या नावे बसवणे.

सहा टक्क्यांच्या उद्योगाची झळ उरलेल्यांना बसते आहे. म्हणून संशयाला जागाच राहू नये, अशी मांडणी करणे शहाणपणाचे. दुसरा मॉनिटर काढून ठेवावा. मोबाइल दूर ठेवावा किंवा तो बॅकअपसाठी लागणार असेल तर आधीच सांगावे. मुद्द्यांचा कागद ठेवायचा असेल तर 'माझ्याकडे टिपणाचा कागद आहे, चालेल का' असे विचारून मगच ठेवावा. घोकलेले गुळगुळीत उत्तर आता उलट संशय वाढवते. आपण केलेल्या कामातला बारीक तपशील, कुठे अडले, कसे सुटले, हे सांगता आले की शंका फिटते. बीकॉम झालेल्याने 'मला जीएसटी येते' म्हणण्यापेक्षा कोणत्या रिटर्नमध्ये कोणता फरक निघाला आणि तो कसा जुळवला, हे सांगावे. ते ऐनवेळी एआयकडून उसने घेता येत नाही.

रेकॉर्डिंगचे पुढे काय होते?

फारच थोडे उमेदवार हा प्रश्न विचारतात. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १ जानेवारी २०२० पासून याबाबत कायदा लागू केला. व्हिडिओ मुलाखत एआयने तपासायची असेल तर आधी सांगावे लागते, संमती घ्यावी लागते आणि उमेदवाराने मागणी केली तर ३० दिवसांत रेकॉर्डिंग काढून टाकावे लागते. हायरव्ह्यू या या क्षेत्रातील मोठ्या कंपनीने टीका झाल्यावर चेहऱ्याच्या हावभावांवरून गुण देणे बंद केल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले. युरोपीय संघाने तर २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या एआयवर बंदीच घातली.

भारतात डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत असल्याने अंमल टप्प्याटप्प्याने होणार आहे. आपली माहिती कशासाठी घेतली हे जाणून घेणे आणि काम संपल्यावर ती काढून टाकायला सांगणे, हे हक्क या कायद्यात आहेत. तोपर्यंत 'रेकॉर्डिंग होणार आहे का आणि किती दिवस ठेवणार' एवढा सभ्य प्रश्न ईमेलवर विचारायला हरकत नाही.

बनावट मुलाखतीचा सापळा

मुलाखत घरबसल्या होऊ लागल्याने ठगांचेही काम सोपे झाले. चकचकीत लोगो, टाय घातलेला माणूस, दहा मिनिटांचा कॉल, तासाभरात 'सिलेक्शन' आणि मग लॅपटॉप डिपॉझिट, ट्रेनिंग फी किंवा कागदपत्र तपासणीच्या नावाखाली पैशांची मागणी. सूत्र एकच लक्षात ठेवावे: नोकरी पगार देते, फी मागत नाही.

परदेशी नोकरीत धोका आणखी मोठा. परराष्ट्र मंत्रालयाने २४ सप्टेंबर २०२२ रोजी इशारा दिला, की थायलंडमध्ये आयटीच्या चांगल्या पगाराची नोकरी म्हणून भारतीय तरुणांना सोशल मीडियावरून गाठले जाते आणि प्रत्यक्षात बेकायदा म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपले जाते. लाओसमधील भारतीय दूतावासानेही अशाच टोळ्यांबद्दल सावध केले होते. तिथे निवड व्हायची ती साध्या मुलाखतीवर आणि टायपिंगच्या चाचणीवर. परीक्षा इतकी सोपी आणि पगार इतका मोठा असेल, तर तिथेच थांबावे.

कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर ती जागा आहे का, ईमेल कंपनीच्या पत्त्यावरून आला आहे का, हे पाहावे. टेलिग्रामवर किंवा केवळ चॅटवर झालेल्या मुलाखतीला मुलाखत मानू नये. आधार, पॅन, बँक पासबुक पहिल्या कॉललाच पाठवू नये. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करावा. राज्य कोणतेही असो, हा क्रमांक एकच आहे.

पुन्हा गाडी पकडावी लागणार?

तोतयेगिरी आणि एआयच्या कॉपीला कंटाळून काही कंपन्या मागे वळू लागल्या आहेत. निदान एक फेरी प्रत्यक्ष घेणार, म्हणजे उमेदवाराचा पाया पक्का आहे की नाही हे कळेल, असे गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी जून २०२५ मध्ये सांगितले. सिस्को आणि मॅकिन्झी यांनीही प्रत्यक्ष भेट परत आणल्याच्या बातम्या आल्या. मोठ्यांनी केले की बाकीचे मागोमाग येतात.

बेंगळुरूत किंवा पुण्यात राहणाऱ्याला याने फारसा फरक पडत नाही, रिक्षा करून तो पोहोचतो. हुबळी, धारवाड, बेळगाव, निपाणी, सांगलीकडच्या उमेदवाराला मात्र तिकीट, लॉज आणि रजा हे तिन्ही खर्च परत येतात. आणि यावेळी ऑनलाइन फेरीचा खर्च कमी न होता ते वर चढतात. गाड्यांची सोय पूर्वीपेक्षा बरी आहे. धारवाड-बेंगळुरू वंदे भारत जून २०२३ मध्ये आणि हुबळी-पुणे वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. पण तिचे तिकीट काढणे प्रत्येक बेकार पदवीधराला परवडेलच असे नाही.

म्हणून पहिल्याच कॉलमध्ये तीन प्रश्न विचारून ठेवावेत. एकूण फेऱ्या किती? शेवटची फेरी प्रत्यक्ष असेल तर कोणत्या शहरात? प्रवासखर्च मिळतो का? तिसरा प्रश्न विचारायला लाजू नये. तो विचारला म्हणून चांगली कंपनी कोणाला नाकारत नाही, आणि अनेकदा तारीख तरी सोयीची मिळते. दोन कंपन्यांच्या प्रत्यक्ष फेऱ्या एकाच शहरात असतील तर त्या एकाच आठवड्यात बसवून घेता येतात.

कंपन्यांनीही हिशेबाची ही बाजू पाहायला हवी. कॉलेजात जाऊन घेतलेली एक दिवसाची फेरी, किंवा हुबळीसारख्या शहरात स्वतःच्याच कार्यालयात बसवलेली शेवटची मुलाखत, यात तोतयाही पकडला जातो आणि पन्नास मुलांचा प्रवासही वाचतो. तोवर सीमाभागातील उमेदवाराने दोन्हींची तयारी ठेवलेली बरी: कपाटात इस्त्रीचा शर्ट आणि टेबलावर वायरचा इअरफोन.